इटालियन स्थलांतरित बायका, त्यांचं घर आणि न्यूयॉर्कच्या शिवणकामगारांची संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी आठ मार्चच्या आसपास मराठीत न्यूयॉर्कच्या शिवणकामगार स्त्रियांबद्दल बरंच लिहिलं जातं. त्यात ज्यू मुलींच्या संपाचा उल्लेख असतो, ट्रँगल कारखान्याच्या आगीचा असतो. त्याच कारखान्यांत शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या इटालियन बायका मात्र एका वाक्यात उरकल्या जातात: घराच्या धाकामुळे त्या संघटनेत आल्या नाहीत. हे वाक्य अर्धवट आहे आणि त्या बायकांवर अन्याय करणारं आहे. ज्या घराने त्यांना सुरुवातीला संपापासून दूर ठेवलं, त्याच घराच्या, नात्यांच्या आणि शेजाराच्या जाळ्यातून पुढे अमेरिकेतली एक सर्वांत मोठी कामगार शाखा उभी राहिली. ते कसं घडलं, हे खालच्या उत्तरांत सांगितलं आहे.

या बायका कुठून आणि कशा आल्या?

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. बहुतेक दक्षिणेकडची: सिसिली, कालाब्रिया, बाझिलिकाता, नेपल्सच्या आसपासचा कांपानिया. १८६१ मध्ये इटलीचं एकीकरण झालं खरं, पण दक्षिणेच्या वाट्याला जड कर, जमीनदारी आणि उपासमारच आली. आधी पुरुष गेले. रस्ते, बोगदे, रेल्वे यांवर मजुरी करून पैसे पाठवत राहिले. मागे राहिलेल्या बायकांनी वर्षानुवर्षं शेत, म्हातारी माणसं, कर्ज आणि मुलं एकटीने सांभाळली. नवरा जिवंत असून विधवेसारखं जगणाऱ्या या बायकांना इटलीत ‘पांढऱ्या विधवा’ म्हणत. या बायका घराबाहेरच्या जगाला बिचकणाऱ्या होत्या असं चित्र रंगवताना हा काळ लोक विसरतात. बाजार, सावकार, सरकारी कचेरी हे सगळं त्यांनी जहाजात बसायच्या आधीच हाताळलेलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये गाववाले गाववाल्यांजवळच राहत. एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे, मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, वर ईस्ट हार्लेममध्ये आणखी एक मोठी वस्ती. खोली मिळायची ओळखीने आणि नोकरीही ओळखीनेच.

शिवणकामच का?

कारण सुई त्यांच्या हातात आधीपासून होती. दक्षिण इटलीत मुलगी सात-आठ वर्षांची झाली की गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे किंवा जोगिणींच्या मठात शिकायला जायची. लग्नाआधी चादरी, अभ्रे, टॉवेल, अंतर्वस्त्रं यांवर भरतकाम करून तिने आपलं रुखवत स्वतः तयार करायचं, ही रीत होती. त्यात कापड पारखायची नजर, बारीक टाका आणि तासन्‌तास बसायची सवय सगळंच आलं.

दुसरं कारण बाजाराचं. त्याच सुमाराला तयार कपड्यांचा धंदा न्यूयॉर्कमध्ये झपाट्याने वाढत होता आणि त्याला स्वस्तात हात हवे होते. नवऱ्यांची मजुरी हंगामी, थंडी पडली की बांधकाम बंद. मग बायकोच्या आणि मुलींच्या सुईवर घर चालायचं.

घरी बसून काम म्हणजे नेमकं काय असायचं?

लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या बाईने कारखान्यात जाणं कठीण. म्हणून कारखानाच घरी यायचा. पुरुषांच्या पँटी आणि कोट मशीनवर शिवून झाले की त्यांची हातशिलाई बाकी राहते: तुरपाई, अस्तर जोडणं, काजं, बटणं. हे सगळं काम न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ पूर्णपणे इटालियन बायकांच्या हातात होतं. ठेकेदाराकडून कपड्यांचे गठ्ठे आणायचे, रात्रीत संपवायचे, परत पोचवायचे. डोक्यावर कोटांचं भलंमोठं गाठोडं घेऊन रस्त्याने चाललेल्या बायकांचे फोटो लुइस हाइन या छायाचित्रकाराने काढून ठेवले आहेत. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी तो घरोघरी फिरत होता. त्याच्या फोटोंत स्वयंपाकाच्या टेबलाभोवती आई, आजी, शेजारीण आणि चार-पाच वर्षांची मुलं कागदी फुलं करताना किंवा कपडे पुरे करताना दिसतात.

मजुरी नगावर, एका पँटीला काही सेंट. दोरा आपला, दिवा आपला, कोळसा आपला. अख्खं घर राबलं तरी हातात येणारी रक्कम कारखान्यातल्या एका मुलीच्या पगाराहून कमीच असायची. न्यूयॉर्क राज्याने १८९० च्या दशकात अशा कामासाठी इमारतींना परवाना घेणं बंधनकारक केलं, पण हजारो खोल्या तपासायला निरीक्षक मूठभरच होते.

संघटनेच्या पुढाऱ्यांना या घरकामाचा, म्हणजे घरी आणलेल्या शिवणकामाचा, राग होता आणि त्याला कारण होतं: कारखान्यात संप झाला की मालक तेच काम घरोघरी वाटून टाकायचा. पण तो राग पुष्कळदा काम देणाऱ्याऐवजी काम करणाऱ्या बाईवर निघायचा. माझ्या मते संघटनेची ही सुरुवातीची मोठी चूक होती. जिच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही, तिला फुटीर ठरवून ते मोकळे झाले.

पगाराचं पाकीट न उघडता आईला द्यायचं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि त्या पिढीतल्या अनेकींनी म्हातारपणी ते अभिमानाने सांगितलं आहे. शनिवारी मिळालेलं बंद पाकीट मुलगी आईच्या हातात ठेवायची. आई त्यातून तिला ट्रामचे आणि जेवणाचे पैसे द्यायची. भाडं, वाण्याची उधारी, धाकट्यांची शाळा, गावी पाठवायचे पैसे, बहिणीचं लग्न, सगळ्याचा हिशेब आईकडे.

याचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही लक्षात घ्यायला हवेत. संपावर जायचं की नाही हा निर्णय एकट्या मुलीचा राहत नसे. तिचा पगार थांबला की पाच-सात माणसांचं ताट अडायचं. दुसरं असं की तिजोरी आईच्या हातात असल्यामुळे घरात तिचा शब्द चालायचा, वरकरणी बाप कितीही मोठा आवाज करो. एकदा आई पटली की एक मुलगी नव्हे, तिन्ही बहिणी, दोन मावश्या आणि वरच्या मजल्यावरची धर्ममाय एकदम युनियनमध्ये यायच्या. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जुळलेलं हे धर्ममायेचं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं मानलं जाई.

१९०९ च्या मोठ्या संपात इटालियन मुली मागे का राहिल्या?

२२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियन या कॉलेजच्या सभागृहात क्लारा लेमलिच ही तरुण कामगार मुलगी उठली आणि तिने सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. ब्लाउज शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगार, बहुतेक तरुण मुली, रस्त्यावर आल्या. फेब्रुवारी १९१० पर्यंत संप चालला. त्या वेळच्या अंदाजानुसार या धंद्यात इटालियन मुली जवळपास एक तृतीयांश होत्या, पण संपकऱ्यांत त्यांचं प्रमाण जेमतेम सहा ते दहा टक्के होतं. पुष्कळजणी कामावर जात राहिल्या. ‘संपफोड्या’ हा शिक्का तिथून बसला.

आता सभा कुठल्या भाषेत होत्या ते पाहा. लेमलिच यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, बोलली. पत्रकंही बहुतेक यिडिश आणि इंग्रजीत. जिथे संपाची शपथ घेतली गेली तिथे इटालियन मुलीला एक शब्द कळला नसता. महिलांच्या शिवणकामाची मुख्य संघटना, म्हणजे इंटरनॅशनल लेडीज गार्मेंट वर्कर्स युनियन, १९०० साली स्थापन झाली होती. पण इटालियन बोलणारे संघटक तिच्याकडे अगदी मोजके होते. काही मालक ज्यू आणि इटालियन मुलींना मुद्दाम आलटून पालटून बसवायचे, म्हणजे काम करता करता बोलणंच नको.

शिवाय इटालियन वस्तीतला छोटा ठेकेदार अनेकदा आपल्याच गावचा असायचा. त्यानेच बापाला पहिली मजुरी मिळवून दिलेली, त्याच्याच शब्दावर खोली मिळालेली. त्याच्याविरुद्ध उभं राहणं म्हणजे आख्ख्या गाववाल्यांशी वाकडं घेणं.

आणि अब्रूचा प्रश्न होताच, तो नाकारायचं कारण नाही. मुलीला कारखान्यापर्यंत भाऊ किंवा बाप सोडायला यायचा. संपाच्या पहाऱ्यावर, म्हणजे कामावर जाणाऱ्यांना अडवायला कारखान्याच्या दाराशी, उभ्या मुलींना पोलिस आणि भाडोत्री गुंड मारायचे, रात्र कोठडीत काढावी लागायची. ज्यू घरांतही आया घाबरत होत्या, पण तिथे युनियन ही ओळखीची, आपल्या भाषेत बोलणारी गोष्ट होती. इटालियन घरात ती अनोळखी माणसांची होती, आणि अनोळखी माणसांबरोबर रात्री लेकीला कोण पाठवेल?

म्हणजे त्यांना लढ्याची सवयच नव्हती?

होती. सिसिलीत १८९१ ते १८९४ या काळात शेतकरी आणि मजुरांच्या ‘फाशी’ (इटालियनमध्ये अर्थ ‘जुड्या’) नावाच्या संघटना उभ्या राहिल्या. (नाव सारखं असलं तरी पुढच्या मुसोलिनीच्या फॅसिझमशी त्यांचा संबंध नाही.) त्यांत बायका हिरिरीने उतरल्या. पालेर्मोजवळच्या पियाना देई ग्रेची गावात तर बायकांचा स्वतंत्र विभाग होता. जानेवारी १८९४ मध्ये पंतप्रधान क्रिस्पी यांच्या सरकारने लष्कर पाठवून ही चळवळ मोडली, आणि त्यानंतर कितीतरी कुटुंबांनी गाव सोडून अमेरिकेची वाट धरली.

न्यू जर्सीतलं पॅटरसन हे रेशमाचं गाव. तिथे उत्तर इटलीहून आलेले विणकर मोठ्या संख्येने होते. कोमोहून आलेल्या मारिया रोदाने १८९७ मध्ये तिथे बायकांचा एक अराज्यवादी, म्हणजे सरकारची सत्ताच नको म्हणणारा, गट सुरू केला. नावच ‘स्त्रीमुक्ती गट’ अशा अर्थाचं. या बायका एकमेकींच्या घरी जमायच्या, वाचायच्या, लिहायच्या, नाटकं बसवायच्या, आणि घरातल्या नवऱ्याच्या अरेरावीबद्दलही उघड बोलायच्या. कामगार चळवळीतला पुरुष सभेत समतेवर भाषण देतो आणि घरी येऊन बायकोला नोकर समजतो, ही तक्रार त्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी छापून ठेवली आहे.

ट्रँगलच्या आगीत इटालियन किती होत्या?

२५ मार्च १९११, शनिवार, दुपारचे पावणेपाच वाजत आलेले. वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या अ‍ॅश बिल्डिंगमध्ये आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल वेस्ट कंपनी होती (वेस्ट म्हणजे बायकांचा ब्लाउज). आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांना आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा बंद होता. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ माणसं गेली, त्यांपैकी १२३ बायका आणि मुली. बहुतेक सगळ्या ज्यू आणि इटालियन स्थलांतरित.

इथे एका घराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ३९ वर्षांची कातेरीना माल्तेसे आणि तिच्या दोन मुली, २० वर्षांची लुचिया आणि १४ वर्षांची रोझारिया, तिघी त्या दिवशी तिथे कामाला होत्या. तिघीही परतल्या नाहीत. रोझारिया मृतांतल्या सर्वांत लहान दोघींपैकी एक. आईच्या देहाची ओळख पटायला कित्येक महिने गेले. ओळखीने नोकरी मिळण्याची पद्धत होती हे वर सांगितलं, त्याचा हा दुसरा अर्थ: एका कारखान्यात एक घर अख्खं जाऊ शकत होतं. मृतांच्या यादीत एकाच आडनावाच्या बहिणी, मायलेकी पुन्हा पुन्हा भेटतात. माल्तेसे घराण्यातला नातू सर्फिन माल्तेसे पुढे न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला आणि त्याने ही आठवण जागी ठेवली.

सहा मृतदेहांची ओळख शंभर वर्षं पटली नव्हती. मायकेल हर्श या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि नोंदी चाळून २०११ मध्ये त्यांची नावं शोधून काढली. त्या सहांपैकी तिघी इटालियन होत्या: मारिया ज्युझेप्पा लाउलेत्ती, कोंचेत्ता प्रेस्तिफिलिप्पो आणि जोसेफिन काम्मराता.

मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस डिसेंबर १९११ मध्ये निर्दोष सुटले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यात तडजोड होऊन एका जिवामागे ७५ डॉलर दिले गेले. बदल आला तो दुसऱ्या वाटेने. राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांच्या सुरक्षेचे कितीतरी कायदे झाले. आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या.

८ मार्च १८५७ ला न्यूयॉर्कच्या शिवणकामगार बायकांनी संप केला म्हणून महिला दिन साजरा होतो ना?

नाही. त्या संपाचा त्या काळातला कोणताही पुरावा सापडलेला नाही. ही गोष्ट १९५० च्या दशकात फ्रेंच कम्युनिस्ट वर्तमानपत्रांतून पसरली. महिला दिनाची कल्पना अमेरिकन समाजवादी बायकांची (फेब्रुवारी १९०९), मग १९१० च्या कोपनहेगन परिषदेतला क्लारा झेटकिन यांचा ठराव, आणि ८ मार्च ही तारीख पक्की झाली ती १९१७ च्या रशियातल्या पेट्रोग्राडमधल्या कापड कामगार बायकांच्या संपामुळे. ट्रँगलची आगही ८ मार्चची नाही, २५ मार्चची. दर वर्षी फिरणाऱ्या संदेशांत ही गल्लत असते. पुढे पाठवण्याआधी तेवढी दुरुस्त करावी.

मग चित्र बदललं कशाने?

संघटना त्यांच्या दारात, त्यांच्या भाषेत आली, म्हणून. १९१३ च्या जानेवारीत कपडे शिवणाऱ्यांचा पुन्हा मोठा संप झाला. चारच वर्षांपूर्वी ज्यांना संपफोड्या म्हटलं होतं त्याच वस्त्यांतून इटालियन बायका मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. १९१६ मध्ये कोट शिवणाऱ्या इटालियन कामगारांची स्वतंत्र शाखा, लोकल ४८, मान्य झाली. १९१९ मध्ये ड्रेस शिवणाऱ्यांची लोकल ८९ आली. तिथे सभा इटालियनमध्ये, पावत्या इटालियनमध्ये, भांडणंही इटालियनमध्ये.

संघटक बायकांची कामाची रीत पाहण्यासारखी होती. कारखान्याच्या दाराशी पत्रकं वाटून भागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी घरी जायच्या. आधी आईशी बोलायच्या, कॉफी घ्यायच्या, कुठल्या गावच्या ते विचारायच्या, मग बापाशी. मुलीला सभेला आम्ही घेऊन जाऊ आणि घरी आणून सोडू, असा शब्द द्यायच्या. शाखेने नाच, गाण्याचे कार्यक्रम, नाटकं, सहली ठेवल्या आणि त्यांना घरच्या सगळ्यांना बोलावलं. लहान पोरं सभागृहात झोपायची. नंतर १९३० च्या दशकात लोकल ८९ चा स्वतःचा रेडिओ कार्यक्रमही आला. स्वयंपाक करता करता, घरकामाची तुरपाई करता करता बायकांना तो ऐकता यायचा.

अँजेला बाम्बाचे कोण होत्या?

या सगळ्या पानावर एकाच बाईबद्दल वाचायचं असेल तर हिच्याबद्दल वाचा.

जन्म १८९८, ब्राझीलमधल्या सांतोस बंदरात, इटालियन आईबापांच्या पोटी. कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि ईस्ट हार्लेममध्ये राहिलं. अँजेला आणि तिची बहीण मारिया दोघी ब्लाउजच्या कारखान्यात लागल्या आणि १९१९ च्या संपात इटालियन घरांत जाऊन संघटनेचं काम करू लागल्या. अनोळखी जिने, अंधार, चिडलेले बाप आणि मालकाचे गुंड, म्हणून त्यांची आई ज्युझेप्पिना सोबत जायची, हातात लाटणं घेऊन. लेकींना बाहेर जाऊ न देणारी आई हेच चित्र आपल्याला दाखवलं गेलं आहे. लाटणं घेऊन लेकींच्या पुढे चालणारी ही आईही त्याच संस्कृतीतली होती.

पुढचा भाग कठीण आहे. घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाशी, रोमोलो काम्पोनेस्कीशी, अँजेलाचं लग्न झालं. दोन मुलगे झाले. नवऱ्याला घर सांभाळणारी बायको हवी होती आणि ती पुन्हा कारखान्यात, सभांना, पहाऱ्यांना जाऊ लागली. घटस्फोट झाला, आणि तिच्या राजकीय कामाकडे बोट दाखवून मुलांचा ताबा बापाकडे गेला. तिने मुलांशी नातं तुटू दिलं नाही, कामही सोडलं नाही. संघटना बायकांकडून काय मागते याचा हिशेब करताना पगारातल्या कपातीबरोबर हेही मोजायला हवं. पुरुष पुढाऱ्यांनाही तुरुंग आणि मार सोसावा लागला, पण सभांना जातो म्हणून कुणा बापाची मुलं कोर्टाने काढून घेतली नाहीत.

१९३६ मध्ये युनियनने तिला बाल्टिमोरला पाठवलं. तिथले कारखाने संघटनेला शत्रू मानणारे. तिने मेरीलँड आणि व्हर्जिनियातले कामगार एकत्र आणले, त्यांत आपल्या समाजाबाहेरच्या बायकाही होत्या. १९५६ मध्ये ती युनियनची उपाध्यक्ष झाली. हे पद मिळवणारी ती पहिली इटालियन अमेरिकन स्त्री. १९७५ मध्ये तिचं निधन झालं.

लॉरेन्सचा ‘भाकरी आणि गुलाब’ संप याच चळवळीचा भाग का?

तो कापड गिरण्यांचा संप, शिवणकामाचा नव्हे. पण बायका त्याच समाजातल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्समध्ये कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ झाले आणि गिरणीमालकांनी तेवढा पगार कापला. ११ जानेवारी १९१२ ला संप सुरू झाला. इटालियन कामगार त्यात सर्वांत मोठ्या गटांपैकी होते. २९ जानेवारीला आन्ना लोपिझो ही कामगार स्त्री गोळी लागून मेली. उपाशी मुलांना सांभाळायला दुसऱ्या गावांतल्या कामगार कुटुंबांकडे पाठवलं गेलं, आणि २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आया आणि मुलांवर लाठ्या चालवल्या. त्यानंतर देश खवळला. मार्चमध्ये मालक झुकले.

संपकऱ्या बायकांनी भाकरी आणि गुलाबांचा फलक धरला होता, असं सांगतात. त्याला पुरावा नाही. त्या नावाची कविता डिसेंबर १९११ मध्येच, संपाआधी, छापून आली होती.

पुरावा आहे तो कार्मेला तेओलीच्या साक्षीचा. मार्च १९१२ मध्ये ती वॉशिंग्टनला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे उभी राहिली. एक माणूस घरी आला, चार डॉलर घेऊन त्याने मुलगी चौदा वर्षांची असल्याचे कागद करून दिले, आणि तेरा वर्षांची कार्मेला गिरणीत लागली. काही दिवसांतच यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी सोलून निघाली. सात महिने ती हॉस्पिटलमध्ये होती. राष्ट्राध्यक्षांची पत्नी हेलन टाफ्ट त्या सुनावणीला हजर होत्या.

आणि पुढे कार्मेला लॉरेन्सलाच राहिली, संसार केला, पण मुलांना यातलं काही सांगितलं नाही. आईच्या डोक्यावरची टक्कल पडलेली जागा केसांनी झाकायला तिची मुलगी मदत करायची. तो व्रण कशाचा, हे तिला आईच्या मृत्यूनंतर, १९७० च्या दशकात, एका पत्रकाराकडून समजलं. संप जिंकूनही त्या गावात नंतर भीती बसली होती. देशद्रोही, नास्तिक म्हणून हिणवलं जाईल या धाकाने घराघरांतून ही कहाणी गिळली गेली.

लोकल ८९ किती मोठी झाली?

१९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारच्या नव्या कायद्याने कामगारांना संघटित होण्याचा हक्क दिला. १६ ऑगस्टला न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटमध्ये सुमारे साठ हजार ड्रेस कामगार संपावर गेले, आणि काही दिवसांतच मालकांनी मान्यता दिली. पुढच्या वर्षापर्यंत लोकल ८९ चे सभासद चाळीस हजारांच्या घरात पोचले, बहुसंख्य बायका. देशातल्या कुठल्याही युनियनची त्याहून मोठी स्थानिक शाखा तेव्हा नव्हती.

तरी प्रमुख पुरुषच का?

लुइजी आंतोनिनी सुरुवातीपासून लोकल ८९ चे सर्वेसर्वा होते. उत्तम वक्ते, मुसोलिनीचे कडवे विरोधक, पण खुर्ची सोडणाऱ्यांपैकी नव्हेत. घरोघरी जाऊन सभासद आणणाऱ्या मार्गारेट दि माज्जिओसारख्या संघटक बायका होत्या. करारांवर सह्या करायला पुरुष बसायचे. ज्या शाखेचे सभासद बहुतेक बायका, तिचा चेहरा कायम पुरुषाचा राहिला. याचं समर्थन मला कुठेही सापडत नाही.

आणखी एक गोष्ट. १९३० च्या दशकात प्वेर्तो रिकोच्या आणि इतर स्पॅनिश बोलणाऱ्या बायका याच धंद्यात आल्या. त्यांनाही आपल्या भाषेची शाखा हवी होती. युनियनने ती दिली नाही. जो उपाय इटालियन बायकांच्या बाबतीत इतका लागू पडला, तो पुढच्यांना नाकारला गेला.

घरी बसून शिवण्याचं काम बंद झालं का?

१९४० च्या दशकात केंद्र सरकारने बायकांच्या कपड्यांसह काही धंद्यांत घरकामाला बंदी घातली. तोवर इटालियन मुलींची दुसरी पिढी कारखान्यात युनियनच्या दराने काम करत होती आणि तिसरी पिढी शाळेत होती. मालक मात्र युनियनपासून पळत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यात गेले. तिथल्या खाणी बंद पडत होत्या आणि खाणकामगारांच्या बायका-मुलींना काम हवं होतं. त्यांतही इटालियन घरं भरपूर. तिथेही युनियन त्यांच्या मागे पोचलीच.

आज यातलं काय पाहता येतं?

अ‍ॅश बिल्डिंग अजून उभी आहे. आता ती न्यूयॉर्क विद्यापीठाची ब्राउन बिल्डिंग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे स्मारक झालं, त्यावरचा मजकूर इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत आहे. दर २५ मार्चला स्वयंसेवक मृतांच्या शेवटच्या पत्त्यांवर जाऊन फुटपाथवर खडूने त्यांची नावं आणि वयं लिहितात. कोणीही सामील होऊ शकतं.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांना पॅटरसनजवळचं हेलडन गाव लांब नाही. तिथे पिएत्रो आणि मारिया बोत्तो या विणकर जोडप्याचं घर आहे, आता ते अमेरिकन कामगार संग्रहालय आहे. १९१३ च्या रेशीम संपात पॅटरसनमध्ये सभांना बंदी होती, पण हेलडनचा महापौर समाजवादी होता. म्हणून दर रविवारी या घराच्या बाल्कनीतून भाषणं व्हायची आणि समोरच्या मोकळ्या जागेत हजारो माणसं जमायची. मारिया एरवी चार मुली सांभाळून, घरी रेशमाचं काम करून, रविवारी बाहेरून येणाऱ्या कामगारांना जेवू घालायची. संपाच्या दिवसांत त्या पंगतीला वक्ते आणि संपकरी आले. संप हरला. मारियाचं स्वयंपाकघर संग्रहालयात पाहता येतं. मुलांना घेऊन जा, आणि निघण्याआधी उघडण्याच्या वेळा फोन करून विचारून घ्या.